पाणी मोजून लावलेलं अंगण

20 एप्रिल 2025, रविवार

लॉन काढायचं आज पक्कं झालं. ह्यांचाही आता विरोध राहिला नाही. जुळे सोलापुरातल्या या घरापुढे साडेसहाशे चौरस फूट हिरवळ आहे, म्हणजे साठ चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाचेक मिलीमीटर तरी पाणी लागतं. एक चौरस मीटरवरचं एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे रोजचे तीनशे लिटर. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी मिळावं, असं सरकारी प्रमाण आहे. म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहून जास्त पाणी आमचं गवत पितं, तेही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात. बाकीचं बोअरमधून उपसतो आणि बोअरची पातळी दर मे महिन्यात खाली जाते.

शिवाय आता आम्ही दोघं वर्षातले काही महिने मुलीकडे असणार. पाणी घालायला कुणाला तरी सांगून जायचं आणि तिकडे बसून काळजी करायची, हे नको. आम्ही नसतानाही जगेल असं अंगण हवं. फक्त खडी टाकलेलं किंवा फरशी घातलेलं अंगण मात्र मला चालणार नाही. सोलापूरच्या उन्हात तापलेली फरशी रात्री दहापर्यंत धग सोडत असते. सावली हवी, फुलं हवीत, पाखरं हवीत.

27 एप्रिल

रोपवाटिकेत जाण्याआधी गाव बघायचं, असं ठरवलं होतं. आज सकाळी ऊन चढायच्या आत ह्यांच्याबरोबर स्कूटरवरून होटगी रोड, रेल्वे लाईन्स, सिद्धेश्वर तलावाचा काठ आणि शेवटी शहराबाहेरचा मुरमाड माळ अशी चक्कर मारली. एकच प्रश्न मनात होता : एप्रिलअखेर, कुणी पाणी घालत नसताना, कोणतं झाड ताजंतवानं आहे?

वहीत उतरलेली यादी : कडुनिंब (जिकडे तिकडे आणि सगळ्यांत हिरवा), करंज, चिंच, बेल, बहावा (पानं झडलेली, पिवळे घोस सुटायला लागलेले), आपटा, शिरीष, बोर, हिवर. झुडपांत तरवड, रुई, निर्गुडी, मेंदी, कण्हेर. एका जुन्या बंगल्याच्या मोडक्या कुंपणाशी कोरांटी. त्या बंगल्याला कुलूप होतं, कोरांटी मात्र दाट होती.

आता न दिसलेल्यांची यादी. सोनचाफा, अनंत, एक्झोरा ही फक्त राहत्या घरांच्या आत, नळीच्या टप्प्यात दिसली. बाहेर एकही नाही.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये. ज्या झाडाला हे गणित मान्य आहे, तेच इथे वाऱ्यावर सोडता येतं.

4 मे

दिवसभर सावली मोजली. सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता घराची आणि कडुनिंबाची सावली जिथे संपते, तिथे रांगोळीची रेघ ओढत गेले. कागदावर नकाशा काढण्यापेक्षा हे सोपं, आणि खरंही.

पश्चिमेचा कडुनिंब मामंजींनी लावलेला. दुपारी दोननंतरचं सगळं ऊन तो अंगावर घेतो, म्हणून मधली खोली राहण्याजोगी आहे. नव्या आराखड्यात त्याला हात लावायचा नाही हे पहिलं कलम. (तोडायचा म्हटला तरी 1975च्या नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.) उलट त्याच्या बुंध्यापर्यंत आलेला कोबा फोडून गोल मोकळा करायचा. दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. ते माप आपणही पाळू. कडुनिंबाचा पाला आजवर पोत्यात भरून फेकत होतो, तो आता नव्या झाडांच्या बुडाशी जाईल.

रांगोळीच्या रेघांवरून जागा ठरल्या. समोर पूर्वेला दिवसभर ऊन आहे, तिथे बहावा. फाटकाजवळच्या कोपऱ्यात आपटा, कारण तो आटोपशीर राहतो. स्वयंपाकघरामागे सीताफळ. घराच्या भिंतीपासून बहावा बारा फूट लांब. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाला खेटून मोठं झाड लावलं की ते तिथलं पाणी ओढतं, माती आणखी आकसते आणि भिंतीला तडा जातो. वड, पिंपळ, उंबर ही माझी लाडकी झाडं, पण चाळीस बाय साठच्या प्लॉटवर त्यांना जागा नाही. त्यांची जागा मैदानावर, देवळापुढे.

11 मे

खड्डे सुरू झाले. खड्डे खणायला आलेले अण्णा नावाला साठीचे, पहार मात्र अशी चालवतात की बघत राहावं. पहिल्या खड्ड्यात फूटभर काळी माती, ती घर बांधताना आणून टाकलेली. त्याखाली माती फिकट झाली आणि हरभऱ्याएवढे पांढरे खडे लागायला लागले. "ताई, पांढरी लागली बघा," म्हणत अण्णांनी मूठभर वर काढली. मी स्वयंपाकघरातून लिंबू आणून त्यावर पिळलं. बारीक फेस आला. चुनखडी. त्याखाली तांबूस-पिवळा मुरूम, त्यावर पहार मारली की ठणका हाताला येतो.

लॉनच्या कडेची जास्वंद, एक्झोरा, अनंत दर वर्षी पिवळी का पडायची, याचं उत्तर या खड्ड्यात आहे. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोह कमी पडल्याची खूण. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. त्यात आमच्या बोअरचं पाणीही जड, म्हणजे दर पाण्यागणिक आणखी चुना. अशा झाडांना दर दोन-तीन महिन्यांनी लोहाचा डोस देत बसावं लागतं. ती नावं आज यादीतून गेली. अनंताचा वास सोडताना जीवावर आलं. त्या वासासाठी पारिजातक आणि मेंदी येतील. मेंदीला मोहर आला की संध्याकाळी सगळी गल्ली दरवळते, आणि तिला ना चुन्याचं वावडं ना उन्हाचं.

खड्डे तीन बाय तीन बाय तीन फुटांचे, तळाचा कडक थर पहारीने फोडलेला. तो फोडला नाही तर खड्डा म्हणजे नुसती कुंडी होते, मुळं तिथेच गोल फिरतात. खड्डे पंधरा दिवस उन्हात तापू द्यायचे.

18 मे

रोपवाटिकेत गेलो. "कमी मेंटेनन्स" म्हटल्याबरोबर मालकांनी कोनोकार्पसच्या रांगेकडे नेलं. चार महिन्यांत भिंतीएवढा होतो, गुरं खात नाहीत, वर्षभर हिरवा. सगळं खरं. पण गुजरातने 2023 साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली, त्याआधी तेलंगणानेही त्याला नकार दिला. मुळं जमिनीखालच्या पाइप आणि केबलींपर्यंत जातात, आणि परागकणांच्या त्रासाच्या तक्रारी आहेत. शिवाय भिंतीएवढं होणारं झाड भिंतीएवढंच ठेवायचं तर वर्षभर कात्री हातात हवी. झपाट्याने वाढणं हीच तर देखभाल.

कण्हेरही बाद केली. महामार्गांच्या दुभाजकांवर ती एवढ्या उन्हात फुलते, तिच्या चिवटपणाबद्दल शंका नाही. पण तिचे सगळे भाग विषारी. सुट्टीत नातवंडं येणार, ती पानं-फुलं तोडून भातुकलीत वापरणार.

घेतली ती रोपं अशी : बहावा, आपटा, कलमी सीताफळ, पारिजातक, कडीपत्ता, मेंदी आणि अडुळसा प्रत्येकी एक. तरवड आणि कोरांटी त्यांच्याकडे नव्हतीच. "ती कोण विकत घेतं, ताई? माळावर पडलेली असतात की," मालक म्हणाले. तरवडाच्या शेंगा ओळखीच्या शेतकऱ्याकडून आधीच मिळवल्या आहेत. त्यातल्या बिया गरम पाण्यात रात्रभर भिजवून पिशव्यांत लावल्या. कोरांटीच्या फांद्या रुजवायला ठेवल्या.

बहाव्याचं सहा फुटी रोप बाजूला ठेवून अडीच फुटी उचललं. मोठं रोप पिशवीत फार दिवस राहिलेलं असतं, मुळं तळाशी गुंडाळली गेलेली असतात. पिशवी दाबून पाहिली आणि तळाच्या भोकातून जाड मूळ बाहेर आलेलं दिसलं तर ते रोप नको. लहान रोप या मातीत दोन-तीन वर्षांत मोठ्याला गाठतं.

डाळिंबाबद्दल ह्यांनी आग्रह धरला. सोलापूरचं डाळिंब, 2016 पासून भौगोलिक मानांकन असलेलं, आणि आपल्या अंगणात एकही नाही? झाड पाण्याच्या ताणाला कणखर आहे हे खरं. पण त्याच्यामागे तेल्या रोग आहे, बुरशी आहे, फळ पोखरणारी अळी आहे. बागायतदार त्यासाठी वेळापत्रक लावून फवारण्या करतात. केगावला 2005 पासून खास डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, यावरूनच त्याची निगा किती लागते ते कळतं. डाळिंब आपण शेतकऱ्याकडून घेऊ. मागच्या अंगणात सीताफळ पुरे. ते उन्हाळ्यात पानं टाकून गप्प बसतं, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. बार्शी तालुक्याने कमी पाण्यावर त्याच्या बागा उभ्या करून दाखवल्या आहेत.

1 जून

यंदा मान्सूनने घाई केली, 26 मेलाच तो मुंबईत पोचला. इथेही मे सरता सरता जमीन भिजली होती. आज लावणी झाली.

खड्ड्यात काढलेलीच माती परत, त्यात शेणखत दोन पाट्या, निंबोळी पेंड मूठभर. बाहेरची लाल माती आणून भरायला अण्णांनी सुचवलं, मी नको म्हटलं. झाडाला आयुष्य ज्या मातीत काढायचं आहे, तिची ओळख पहिल्या दिवसापासून व्हावी. पिशवी उभी चिरून काढली, तळाची गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी केली. बुंध्याशी खळगा ठेवण्याऐवजी तिथे उंचवटा केला आणि आळं दीड फूट बाहेर गोल फिरवलं. पाणी बाहेर मिळालं की मुळं बाहेर जातात. वर उसाचं पाचट वीतभर. सोलापूर जिल्हा उसाचा, पाचट शेतात जाळून टाकतात. आम्हाला एक ट्रॉली भाड्याच्या पैशांत मिळाली. पाचटाने माती झाकली की ओल टिकते, तण येत नाही, आणि खुरपणाचं काम जवळपास संपतं.

19 जून

काल मारुती चितमपल्ली गेले. या सोलापुरात 1932 साली जन्मलेले, वनखात्यात आयुष्य काढून शेवटी सोलापुरातच परतलेले. 2006 साली इथल्याच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, यंदाच त्यांना पद्मश्री मिळाली. आज वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दलचंच वाचत बसले.

जंगलात राहणाऱ्यांना झाडापाखरांची जी नावं ठाऊक असतात, ती त्यांनी गोळा केली, कोश केले. मला त्यांच्याकडून घेण्यासारखं हेच वाटतं : झाड आधी नावाने आणि स्वभावाने ओळखावं, मग त्याला घरी आणावं. आपण उलट करतो. दुकानातला फोटो बघून आणतो आणि मग त्याचा स्वभाव बदलायला खतं-औषधं ओतत राहतो.

13 जुलै

आषाढी झाली. वारीचा पाऊस पंढरपूरकडे पडून गेला, आमच्याकडे मात्र आठवडाभर उघडीप. लॉनची जागा अजून मोकळी दिसते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एवढी जागा रिकामी का ठेवली? आणखी दहा झाडं बसतील की."

बसतील, पण पाच वर्षांनी एकमेकांवर चढतील आणि मग दर वर्षी छाटणीवाला बोलवावा लागेल. बहाव्याचा घेर वीस फुटांचा होणार हे आजच धरून चालायचं. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य इथून जवळ, 1979 सालचं. माळढोकाला झाडी नको असते, त्याला उघडं गवत लागतं. अशा माळांवर एकेकाळी उंदीरमारीसारखी झाडं लावून हिरवाई केली गेली आणि माळाचं माळपण कमी झालं. सोलापूरच्या निसर्गात उघडी जागा हीसुद्धा एक संपत्ती आहे. म्हणून मधल्या भागात शहाबादी फरशीची अरुंद पायवाट, फरश्यांमध्ये बोटभर फटी, आणि बाकी जागेत पावसाळ्यात जे गवत येईल ते. वर्षातून दोनदा विळ्याने कापायचं, बास.

17 ऑगस्ट

बहाव्याची कोवळी पानं चार दिवसांत खाल्ली गेली. पान उलटून पाहिलं : मधल्या शिरेला चिकटून हिरवीगार अळी, अंगावर बाजूने एक फिकट रेघ, पान आणि अळी वेगळी ओळखू येत नाही इतकी एकरूप. हे फवारणीचा पंप काढायला निघाले होते, मी थांबवलं. ही त्या फिकट पिवळ्या फुलपाखरांची पिल्लं. त्यांना बहावा आणि तरवडाच्या कुळातलीच झाडं लागतात. रोप मुळांनी धरलेलं आहे, नवी पालवी फुटेल. संध्याकाळी दयाळ येऊन त्या फांदीवर टिपत होता. माणसाने करायचं काम तो करतोय, तर त्याचं खाणं विषारी का करायचं?

24 सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. सीना पात्र सोडून वाहते आहे. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरमधल्या गावांत पाणी शिरलंय, माणसं छपरांवर, जनावरं वाहून गेलेली. दुष्काळी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात हे बघताना मन थाऱ्यावर राहत नाही. अंगणाबद्दल लिहावंसंही वाटत नाही. दुपारी कॉलनीतून कपडे आणि कोरडा शिधा गोळा करून पाठवला.

रात्री तेवढीच एक नोंद : काळ्या मातीत पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात. सगळी आळी एका बाजूने फोडून दिली. उन्हाळा आणि असा सप्टेंबर, दोन्ही सोसणारं झाडच इथे टिकतं. बुंध्याशी केलेले उंचवटे आज कामाला आले.

30 सप्टेंबर

पूर्व भागात मैत्रिणीच्या माहेरी गेले होते. पद्मशाली समाजाचा बतुकम्मा सण. पितळी ताटात फुलांचे थरावर थर रचून उभा केलेला मनोरा आणि भोवती टाळ्यांच्या ठेक्यावर फिरणाऱ्या बायका. मनोऱ्यात झेंडूबरोबर कुरडू होता, आणि माझा तरवड! तिची आई म्हणाली, आमच्याकडे याच्याशिवाय बतुकम्मा होत नाही, तेलंगणाचं राज्यफूल आहे हे. यंत्रमागाच्या या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहून त्या बायकांनी माळावरच्या झुडपाचा मान राखला आहे. पूर्वी त्याच्या सालीने कातडी कमावत. रोपवाटिकेत ज्याला किंमत नाही, त्याची इथे पूजा होते. आमच्या पिशव्यांतली चार रोपं आता दीड वितीची झाली आहेत. पाऊस ओसरला की कुंपणालगत जातील, त्यांच्यामधून कोरांटीची चार. त्या बायकांना म्हटलं, दोन वर्षांनी फुलं न्यायला आमच्याकडे या.

2 ऑक्टोबर, दसरा

फाटकाजवळचा आपटा अजून गुडघ्याएवढाच. सोनं म्हणून त्याची दोनच पानं तोडली, देवापुढे ठेवायला. बाजारात आपट्याच्या नावाने कांचनाच्या फांद्यांचे ढीग होते. कांचनाचं पान मोठं आणि मऊ, आपट्याचं लहान, जाड, चरचरीत. दर दसऱ्याला झाडं ओरबाडण्यापेक्षा दारात एक असावं. पुढे गल्लीला पुरतील एवढी पानं तो देईल.

9 नोव्हेंबर

शेळगीला घर बांधणाऱ्या भाच्याचा फोन आला : "मावशी, कमी देखभालीची झाडं सांग ना चार." चार नावं सांगून टाकणं सोपं होतं. मी त्याला आधी खड्डा खण म्हटलं, तळाला काय लागतं ते कळव. सावलीच्या रेघा ओढ. तुझ्या रस्त्यावर पाण्याविना काय जगतंय ते लिहून काढ. देखभाल झाड लावल्यावर कमी करता येत नाही. ती निवडतानाच कमी होते किंवा निवडतानाच गळ्यात पडते.

काहीच करावं लागत नाही, असंही त्याला सांगितलं नाही. पहिले दोन उन्हाळे जपावंच लागतं. आमचा हिशोब त्याला पाठवला : पंधरा झाडंझुडपं, प्रत्येकी वीस लिटर, आठवड्यातून एकदा. होतात तीनशे लिटर. लॉन एका दिवसात पीत होतं, तेवढ्यात आता आठवडा निघतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर साडेपाचशे मिलीमीटर पाऊस पडला की पंचावन्न हजार लिटर होतात. गळती-उडती सोडून चाळीस हजार तरी हाती लागतील. ते बोअरमध्ये मुरवायचं काम दिवाळीनंतर सुरू केलंय. तिसऱ्या वर्षापासून मोठ्या झाडांचं पाणी बंद. कोरांटी आणि मेंदीला पावसाळ्यापूर्वी एक छाटणी, पाचट वर्षातून एकदा नवं. याउपर काम निघालं तर निवड चुकली असं समज.

शेवटी त्याला म्हटलं, घराच्या नकाशावर पाण्याची टाकी दाखवतोस ना, तशी झाडंही दाखव, आणि पाया खणण्याआधी. नंतर उरलेल्या जागेत झाड कोंबलं की ते जन्मभर निगा मागतं. त्याने आर्किटेक्टला फोन करतो म्हटलंय. यायच्या रविवारी पहार आणि लिंबू घेऊन मी शेळगीला जाणार आहे.